पोस्टरवरचा दाना

लोकेशने नवा कॅमेरा घेतला आणि आरमोरीच्या चौकात, चार माणसांत, साक्षीला ऐकवलं की खेळण्यावर धंदा होत नसतो. खेळणं म्हणजे तिचा क्रॉप सेन्सरचा कॅमेरा. त्याचा फुल फ्रेमचा. आतला सेन्सर मोठा, त्यामुळे अंधारात उजेड जास्त गोळा होतो आणि फोटोत रवाळ ठिपके, म्हणजे दाने, कमी येतात. हे खरं होतं, आणि खरं होतं म्हणूनच तिला जास्त झोंबलं.

तीन वर्षं ती त्याच्याच स्टुडिओत होती. झाडीपट्टीच्या नाटकांचे तिने काढलेले फोटो गावोगावच्या पोस्टरवर लागले, खाली ठसठशीत अक्षरांत 'लोकेश फोटो'. तिने नाव मागितलं तेव्हा तो म्हणाला, "कॅमेरा कोणाचा होता?" त्याच दिवशी ती निघाली. आता देवरावभाऊंच्या नाटक कंपनीला हंगामासाठी फोटोग्राफर हवा होता, आणि साक्षीला पोस्टरवर एकच गोष्ट हवी होती: स्वतःचं नाव.

देवरावभाऊ मूळचे धानाचे व्यापारी. तालीम त्यांच्याच गोदामात चालायची. फ्लॅश मारला की रंगीत दिव्यांची सारी मजा जाते, असं त्यांचं म्हणणं. म्हणून त्यांनी भर दुपारी शटर पाडलं, रंगमंचावरचे दिवे तेवढे लावले आणि कामासाठी आलेल्या दोघांना शेजारी शेजारी उभं केलं.

"बरोबरी करायची तं पुरी," लोकेश म्हणाला. "दोघांचंही अपर्चर, भिंगाचं तोंड, चार; आयएसओ चौसष्टशे. मागाहून मॅडमनं रडू नाई."

दोघांनी नायिकेचा, निशाचा, एकेक फोटो काढला. देवरावभाऊंनी लॅपटॉपवर साक्षीचा फोटो मोठा केला आणि निशाच्या गालावर बोट ठेवलं.

"इथी काय कोंडा सांडला का?"

"त्यालेच दाना म्हणते, भाऊ," लोकेश म्हणाला.

"दाना? मंग भाव करा लागन."

गोदामात हशा पिकला. साक्षी हसली नाही. लोकेशच्या फोटोत तोच गाल स्वच्छ होता.

"आता माह्या पद्धतीनं," ती म्हणाली. "यायचं भिंग चारच्या पुढं उघडत नाई. माह्यं एक पॉइंट आठपर्यंत उघडते; आकडा जितका लहान, तितकं तोंड मोठं. जास्त उघडलं तं उजेड जास्त येईन, आयएसओ कमी लागन, दाने कमी येतीन. मी त्याले चारवर काऊन बांधून ठेवू?"

"उघड ना," लोकेश म्हणाला. "भाऊ, इतकं उघडलं का फोकस पातळ होते. समोरचा एक दिसन, मागचे सारे पुसून जातीन. तुमचा खेळ पाच जणांचा आहे. एकट्या निशाचा नाई."

तो खोटं बोलत नव्हता. पण तीन वर्षं त्याने नाटकाला तिलाच पाठवलं होतं. तो स्वतः स्टुडिओत बसून बिलं फाडायचा.

"पाचही जण या," देवरावभाऊ म्हणाले. "शेवटचा प्रवेश."

रंगमंचाच्या पुढच्या बाजूला, डोक्याच्या वर, दोरीला माईक टांगलेले होते. तालमीत ते बंद असायचे. तरी पाचही जण कोणी न सांगता येऊन एकेका माईकखाली उभे राहिले, अगदी एका ओळीत, कॅमेऱ्यापासून सारख्याच अंतरावर. वर्षानुवर्षांची सवय. साक्षीने भिंग पूर्ण उघडलं, आयएसओ साडेबाराशेवर आणला आणि बटण दाबलं. लोकेशने त्याचा फोटो आधीच्याच मापावर काढला.

लॅपटॉपवर देवरावभाऊंनी एकेक चेहरा मोठा करून पाहिला. साक्षीच्या फोटोत पाचही चेहरे रेखीव होते. या खेपेला कोंडा लोकेशच्या फोटोत जास्त होता.

"हे तं रांगेत उभे राह्यले," लोकेश म्हणाला.

"मंग काय एकमेकाच्या खांद्यावर चढू?" निशा म्हणाली. "माईक सोडला तं मागच्याले काय ऐकू येईन? अन् तुमच्या भांडणात माह्या मेकअप उतरून राह्यला."

लोकेश तिच्याकडे वळलाही नाही. "अन् नाच? नाचात माईक नसते, साक्षी. पोरी पुढं येते, मागं जाते. तिथी काय करशील, सांग भाऊले."

'तेव्हा पाहू' एवढं म्हणून तिला वेळ मारून नेता आली असती. पण विचारणारा लोकेश होता. उद्या नाचाचा एक जरी फोटो फसला, तर तो तोच फोटो चौकाचौकात दाखवत फिरला असता.

"भिंग आवळीन, आयएसओ वाढवीन. दाने येतीन."

"कोणापेक्षा जास्त?"

"तुमच्यापेक्षा."

लोकेशने देवरावभाऊंकडे असं पाहिलं, जणू आता बोलायचं काही उरलंच नाही.

"मंग नाच त्याचा, बाकी खेळ तुह्या," देवरावभाऊ म्हणाले. "पोस्टरवर दोघांचं नाव जोडून टाकू. लोकेश-साक्षी. चांगलं वाटते."

"जोडून नाई," साक्षी म्हणाली. "माह्या फोटोखाली माह्यं, त्यायच्या फोटोखाली त्यायचं. नाईतर सारा हंगाम त्यायलेच द्या."

"देऊन टाका, भाऊ," लोकेश म्हणाला. "स्वतःच म्हणून राह्यली."

देवरावभाऊंनी पाच चेहऱ्यांचा फोटो परत एकदा मोठा करून पाहिला. "अलग टाकू," ते वैतागून म्हणाले. "पण गाडी एकच आहे. दोघांनाही तिच्यातच बसा लागन. अन् मले कटकट नाई पाह्यजे."

लोकेशने बॅग खांद्याला लावली. शटरपाशी थांबून तो म्हणाला, "पोस्टर लोक दुरून पाह्यते. फोटोखालचं इतकं बारीक नाव कोण वाचते?"

"तुमी वाचान," साक्षी म्हणाली.