चिचगडच्या खिडकीतली आठवण

मी एक जुना मोबाइल आहे, मित्रांनो. माझ्या काचेवर आडवी भेग आहे, आणि चिचगडच्या भोजराजच्या घरात माझी जागा ठरलेली आहे: पुढच्या खोलीची खिडकी. घरात रेंज तेवढ्याच जागी येते. ज्याला बोलायचं त्याने खिडकीपाशी यायचं, आणि बाकीच्यांनी आपण ऐकत नाही असं दाखवायचं.

गोंदियाच्या दुकानात भोजराजने मला घेतलं, तेव्हा दुकानदाराने माझी इतकी स्तुती केली की मलाच संकोच वाटला. तेव्हापासून मी या माणसांकडे बघत आलो. भोजराज फोनवर ओरडतो. समोरचा जितका लांब तितका आवाज मोठा. त्याची बायको अल्का 'बरं, ठेवते' म्हटल्यानंतर मुद्द्याचं बोलायला लागते. आणि त्यांची मुलगी मोनाली घरात कोणी नसलं की बोलते, तेही कुजबुजत.

पुढे माझ्यात एक बोलणारी मदतनीस आली. आवाज बाईचा, म्हणून घरात तिचं नाव 'बाई'च पडलं. हुशार होती, पण बोलणं संपलं की सगळं विसरायची. मोनाली रोज पहिल्यापासून सांगायची: मी मोनाली, मला नागझिऱ्याच्या अभयारण्यात गाइड व्हायचं आहे, माझ्याकडून पक्ष्यांची इंग्रजी नावं म्हणून घे. मग एकदा काहीतरी नवीन सुधारणा उतरली आणि बाईला आठवण आली. दुसऱ्या दिवशी तिने आपणहून विचारलं, "काल आपण नीलपंखापर्यंत आलो होतो. पुढे जायचं?" मोनाली माझ्याकडे बघून अशी हसली की काचेवरची भेग मी विसरलो.

एक गोष्ट मात्र बाईला घडवणाऱ्यांच्या ध्यानात आली नव्हती. एक फोन म्हणजे एक माणूस, असं त्यांनी धरलं होतं. घरातले सगळेच तिला काही ना काही विचारत, पण बाईच्या लेखी या घरात एकच जण राहत होता. त्याचे गुडघे दुखत, त्याच्या धानावर तुडतुडे पडले होते, त्याच्या लोणच्याला बुरशी लागली होती आणि त्याला वाघ दाखवायची नोकरी हवी होती.

अशात कुडव्याहून अल्काचा भाऊ राजदीप आला. भोजराजला मिरवायचा मोह झाला.

"पाह्य राजदीप, आमच्या बाईले सारं ठाऊक राहते. बाई, आज धान वाळू घालू का?"

"घाला, आज पाऊस नाही," बाई म्हणाली. "आणि सोमवारच्या नागझिऱ्याच्या मुलाखतीचा सराव राहिला आहे. निवड झाल्याशिवाय बाबांना सांगायचं नाही, हे माझ्या लक्षात आहे."

राजदीप खो खो हसला. "भाऊजी, तुमचे बाबा कोठं आहेत? त्याइले नाही सांगाचं म्हणते!"

दारात चहा घेऊन मोनाली उभी होती. तिच्याकडे बघून त्याचं हसू अर्ध्यातच राहिलं.

"मशीनले सांगतेस," भोजराज हळूच म्हणाला. त्याला इतक्या हळू बोलताना मी पहिल्यांदाच ऐकलं. "मले काऊन नाही सांगितलं?"

"मांगच्या वेळी पोलीस भरतीचं तुम्ही साऱ्या चौकाले सांगून ठेवलं होतं, बाबा. मी राहून गेली, तं चौक मले रोज विचारून राहिला होता."

भोजराजने ते कौतुकाने सांगितलं होतं. पण आता ते कुठल्या तोंडाने म्हणणार? तो चहा न पिताच बाहेर गेला.

राजदीपच्या पोटात काही राहत नाही. संध्याकाळी खिडकीबाहेरून शेजारीण ओरडली, "का वो मोनाली, कधी जातेस वाघ दाखवाले?" मोनालीने मला उचललं आणि बाईची सगळी आठवण पुसून टाकली. गुडघे, तुडतुडे, लोणचं, नीलपंख. सगळंच.

सोमवारी सकाळी भोजराजने मोटरसायकल पुसली. सीटवर फडकं दोनदा फिरवलं, तोंड रस्त्याकडे करून गाडी उभी केली आणि अंगणात रेंगाळत राहिला. 'चल' म्हणाला नाही. मोनालीने आतून सगळं पाहिलं. 'चला' म्हणाली नाही. मुलाखतीची वेळ टळली, ऊन वर आलं तशी ती धान पसरायला लागली.

दुपारी अल्का विहिरीवर गेली होती. भोजराज खिडकीपाशी आला.

"बाई, मोनाली तुले काय काय सांगत होती? सांग नं."

"नमस्कार," बाई म्हणाली. "तुमच्याबद्दल माझ्याकडे काहीच नोंद नाही. आपलं नाव?"

"मी... मोनालीचा बाप होय."

"छान. मोनाली कोण आहे?"

खिडकीतून मोनाली दिसत होती. उन्हात पायाने धान परतत होती. हाक मारली असती तर एका हाकेत वळली असती. भोजराजने तिच्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, मला परत खिडकीत ठेवलं आणि पाणी प्यायला आत गेला.

तेव्हापासून या खिडकीत फक्त धानाचा भाव विचारला जातो.

मित्रांनो, पुढे तुमच्या घरी आमच्याहून शहाणी यंत्रं येतील, सगळं लक्षात ठेवणारी. त्यांना काही सांगण्याआधी एवढं विचारून घ्या, की हे कोणाचं म्हणून ठेवशील, आणि कोणापुढे काढशील? मला पुसता येतं, मिटवता येतं, नवीन काच बसवता येते. पण घरातल्या माणसाला काही विचारायचं असेल तर ते मला विचारू नका. ते माणूस तिथेच, अंगणात असतं. वाट बघत असतं.