अक्कांचा दरवाजा आणि हंबीररावांची म्हैस

गणपतराव पेंटर ब्रश घ्यायला आला की कोल्हापूरच्या लक्ष्मीपुरीतला दुकानदार आधी चहा सांगायचा. चहा संपला तरी हे गिऱ्हाईक हलायचं नाही, हे त्याला ठाऊक. गणपतराव एकेक ब्रश उजेडात धरणार आणि केसांची टोकं फुटलेली आहेत का बघणार. फुटल्या टोकाचा केस रंग धरतो, सरळ टोकाचा नुसते ओरखडे काढतो. मग ब्रश तळहातावर दाबून सोडणार. केस झटक्यात ताठ झाले पाहिजेत. मग चिमटीत धरून ओढणार. एक जरी केस हातात आला तरी ब्रश परत. आणि शेवटी डोळे मिटून गालावरून फिरवणार. बायको बघायला गेला तेव्हासुद्धा गड्यानं एवढा वेळ लावला नव्हता म्हणतात.

सत्याण्णवच्या दिवाळीआधी तर त्यानं दुकानदाराला रडकुंडीला आणलं.

"असा ब्रश दे, की दाराला रंग दिलाय का काच बसवलीय कळता कामा न्हाय."

"राजवाड्याचं काम घेतलंस व्हय?"

"त्याच्या वरचं. अक्काचं हाय."

अक्का म्हणजे गंगावेशीतल्या अक्काताई. गणपतराव पेठ वडगावातून नवानवा कोल्हापुरात आला, तेव्हा त्यांच्याच बोळात रंगकामाच्या लाकडी घोड्यावरून खाली आला आणि पाय मोडून बसला. ओळख ना पाळख, पण अक्कांनी त्याला उचलून आणवलं, घराच्या पुढच्या सोप्यात खाट टाकली आणि हाड सांधेपर्यंत आंबील-भाकरी हातात आणून दिली. वर दम द्यायच्या, "हालू नगंस मुडद्या! वाकडा सांधला तर पोरगी कोन दील तुला?"

पाय सरळ सांधला, पोरगीही मिळाली. पण अक्कांसाठी आपण काय करावं, हे गणपतरावाला कधी उमगलं नाही. काही न्यावं तर त्या दुप्पट हातावर ठेवून परत पाठवायच्या. आणि आता नात विद्याश्रीची सोयरीक जमत होती. जयसिंगपूरचे पाहुणे पाडव्याला सुपारी फोडायला येणार होते. अक्का म्हणाल्या, "गणपू, दरवाजा तेवढा झळाळला पायजे. पावणं आधी दार बघत्यात, मग पोरगी."

इतक्या वर्षांत अक्कांनी पहिल्यांदाच काहीतरी मागितलं होतं. गणपतरावाचे डोळेच भरून आले.

भिंती सुखात झाल्या. रोलर त्यानं फोमचा घेतला नाही. फोमचा रोलर भिंतीवर डोशासारखी जाळी पाडतो. दाट लोकरीचा घेतला, चिकटपट्टी गुंडाळून सुटे धागे आधीच उपटून काढले.

"ह्यो कशाचा रं?" अक्कांनी विचारलं.

"लोकरीचा, अक्का."

"म्हंजे घोंगड्याचाच भाऊ. चालतंय, चालतंय."

इथं गणपतराव गप्प बसला असता तर मला ही गोष्ट सांगायची वेळच आली नसती. पण झकास हत्यार हातात आलं की कारागिराचं तोंड बंद राहत नाही. दाराला हात घालण्याआधी त्यानं तो नवाकोरा ब्रश अक्कांच्या गालावरून फिरवला.

"बघा अक्का, निस्तं रेशीम! असली डुकराचा केस हाय!"

कपाळावर विभूतीचे पट्टे, गळ्यात लिंग आणि गालावर डुक्कर! अक्का अशा किंचाळल्या की पंचगंगेच्या घाटावर बायका धुणं टाकून पळाल्या. मग अंघोळीवर अंघोळी सुरू झाल्या; त्या दिवशी गंगावेशीत पाणी कमी दाबानं आलं ते याच कारणानं. आजीला अव्वा म्हणणारी विद्याश्री हसून हसून पायरीवरच बसली.

"अव्वा, चांगल्या ब्रशांला त्योच केस असतोय गं!"

"असूंदे! जगाच्या दाराला लावा. माझ्या उंबऱ्यातनं तू सासरला जाणार हाईस. तितं डुक्कर फिरवू देनार न्हाय मी."

दारावरचा जुना रंग कुठल्या ब्रशानं दिलेला होता, हे गणपतरावाला चांगलं ठाऊक होतं. पण जिनं आपल्याला भरवलं, तिच्या मनाला किडा कशाला लावायचा? तो ते आजतागायत बोललेला नाही. तुम्हीही बोलू नका.

त्यानं नायलॉनचा ब्रश आणला. त्या काळी मिळायचा तो नायलॉन असला, की दार नांगरल्यासारखं दिसायला लागलं. घासून काढलं. रोलर फिरवला, तर संत्र्याच्या सालीसारखे खळगे उठले. पुन्हा घासलं. पाडवा तोंडावर आला आणि दार उघडंबोडकं. अक्का रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या म्हणाल्या, "ऱ्हाऊंदे गणपू, तू तरी काय करनार," आणि त्याला जेवायला वाढलं. तो अर्ध्या ताटावरून उठला.

संध्याकाळी तो दूध कट्ट्यावर जाऊन बसला. तिथं हंबीरराव आपली कोयना म्हैस पिळून गिऱ्हाइकांना धारोष्ण दूध देत होते. धरणाचं नाव काही उगीच ठेवलेलं नव्हतं. कोयना पान्हावली की कट्ट्यावरची माणसं धोतरं वर खोचायची. गणपतराव शेजारी डोळे मिटून बसला होता. कोयनेनं माशी हाकलली आणि शेपटीचा गोंडा त्याच्या गालावरून सर्रकन फिरला.

गणपतराव ताडकन उठला. गोंडा उजेडात धरला. टोकं फुटलेली! तळहातावर दाबून सोडला. ताठ! चिमटीत धरून ओढला. केस एक आला नाही, लाथ मात्र आली.

"ए पेंटर! दुकानातला माल हाय व्हय त्यो?"

"हंबीरराव, ह्यातलं थोडं केस द्या."

"पाडव्याच्या तोंडावर शेपटी मागतोस? त्यापरास माझी मिशी ने की!"

बरोबरच होतं त्यांचं. पाडव्याला कोल्हापुरात म्हशी नटतात. अंग भादरायचं, शिंगं रंगवायची, मोरपिसं लावायची, आणि मालकानं सायलेन्सर काढलेली मोटारसायकल बोंबलत पुढं पळवायची, की म्हैस तिच्यामागं धावते. त्यात शेपटीचा गोंडा म्हणजे मालकाची अब्रू. पण गणपतरावानं मोडक्या पायापासून सगळं सांगितलं, तेव्हा हंबीररावांचा धार काढता हात थांबला.

"त्या अक्का व्हय? आमच्या आईला शेवटी त्यांच्याच हातची आंबील तेवढी उतरत हुती." त्यांनी कोयनेचा गोंडा हातात घेतला. "आतल्या अंगानं काप. वरनं गोंडा दिसला पायजे. आनि कोयनेची शिंगं तू रंगवायची."

अक्कांनी उलटतपासणी घेतली.

"म्हशीचा केस? जितीचा?"

"जितीचा, अक्का."

"राजीखुशीनं दिला?"

"व्हय, हंबीररावांनी सोताहून..."

"हंबीररावाचं कोन इचारतंय? म्हशीनं?"

"आधी लाथ हानली. मग हुबी ऱ्हायली."

"मग चालतंय. मी बी तसंच करतो."

केस शिकेकाईनं धुतले, जुन्या ब्रशाच्या पत्र्यात राळ ओतून बसवले. आणि काय सांगू! रंग दुधावर साय धरावी तसा बसायला लागला. पाडव्याच्या दुपारी शेवटची फळी तेवढी राहिली, आणि टर्पेंटाइननं राळ विरघळली. सगळे केस गणपतरावाच्या मुठीत! बोळाच्या तोंडाशी जयसिंगपूरच्या पाहुण्यांची जीप येऊन थांबलेली.

तेवढ्यात फाट-फाट-फाट करत हंबीररावांची मोटारसायकल बोळात घुसली. मागं हिरव्या-पिवळ्या शिंगांची कोयना. मोटारसायकल पुढं निघून गेली, पण कोयना दारासमोर थबकली. दार हुंगलं. आपल्याच अंगाचा वास, मग ओळखणार नाही? ती वळून पाठमोरी उभी राहिली, शेपटी रंगाच्या डब्यात टेकली आणि त्या शेवटच्या फळीवरून, वरपासून खालपर्यंत, एकच फटकारा मारला. ओरखडा नाही, ओघळ नाही. खोटं वाटत असेल तर गंगावेशीत कुणालाही विचारा. ज्याला माहीत नाही तो बाहेरचा समजा.

पाहुण्यांतले म्हातारे दारासमोर उभे राहिले, त्यात बघून त्यांनी टोपी नीट केली.

"पेंटर कोन वो तुमचा?"

"दोगं हायती," अक्का म्हणाल्या. "ह्यो आनि ती."

उंबऱ्याच्या आत सुपारी फुटली. अक्कांनी पहिली पुरणपोळी कोयनेच्या तोंडात दिली, दुसरी गणपतरावाच्या रंगलेल्या हातावर ठेवली. म्हणाल्या, "पाय दुकत न्हाय न्हवं अजून?" फेडायला आलेला माणूस, अक्कांचं ऋण होतं तेवढं तसंच ठेवून वर एका म्हशीचेही उपकार घेऊन बसला.

म्हणून दर पाडव्याला तो हंबीररावांच्या गोठ्यात जायचा, दुकानात सगळ्यात नीट पारखलेला ब्रश घेऊन. कोयनेची शिंगं रंगवायचा, मग हात जोडून तिच्या मागं उभा राहायचा, डोळे मिटून, शेपटीच्या गोंड्यासाठी गाल पुढं करून. लाथ टप्प्यात येणार नाही एवढं अंतर मात्र राखून.