ओल्या कुत्र्याची तबकडी

गाण्यांच्या जुन्या तबकड्यांच्या दुकानात शिरताच प्लंबरच्या मनात आलं, या लोकांना काही कामधंदा दिसत नाही. दोन टकले एका खोक्यात डोकं घालून उभे होते. त्यातला एक तबकडी डोळ्यांजवळ नेऊन न्याहाळत होता, जसा काही सोनारच.

प्लंबरची बायको जाऊन वर्ष होत आलं होतं. भाऊजींना आठवणींचा त्रास नको म्हणून घर आवरायला आलेल्या मेहुणीने बहिणीच्या सगळ्या तबकड्या भंगारात देऊन टाकल्या होत्या. देव अक्कल वाटत होता तेव्हा ही बाई झोपली असणार. त्यातली एकच त्याला परत हवी होती. लहान आकाराची, कव्हरवर भिजलेला कुत्रा असलेली. भाजी चिरताना बायको तीच लावायची आणि गाणाऱ्याच्या सोबतीने गुणगुणायची. शब्द दोघांनाही कळत नसत. पण तिचा आवाज आठवायचा तर त्या गाण्यातूनच आठवायचा, आणि हल्ली ते गाणंच निसटत चाललं होतं.

कुत्रा म्हटल्यावर दुकानदाराने टकल्यांकडे बघून डोळा मारला आणि कपाटातून नेमकी ती तबकडी काढली. मग प्रवचन सुरू झालं. स्कॉटलंडचा बँड, कुणी विचारलं नाही, दोन तबकड्या काढून घरी बसले, आम्ही मोजक्या दर्दी लोकांनी त्यांना शोधून काढलं. टकल्यांनी माना डोलावल्या. शोधून काढलं म्हणे! कुत्र्याचं तोंड थेट धाकट्या दिरासारखं आहे, असं म्हणत त्याच्या बायकोने ती तबकडी रस्त्यावरच्या ढिगातून उचलली, तेव्हा हे दर्दी कुठे होते?

दुकानदाराने सुई टेकवली. एक पोरगी उड्या मारत आल्यासारखी गायला लागली.

“हे नाही,” प्लंबर म्हणाला. “ते पुरुषाचं गाणं आहे. कामावरून दमून आलेल्या माणसाचं.”

“काका, या बँडमध्ये पुरुष गातच नाही.”

प्लंबर दारापर्यंत गेला आणि थबकला. घरच्या प्लेअरचं वेगाचं बटण पहिल्यापासून मोडलेलं होतं, मोठ्या तबकड्यांच्या संथ वेगावर अडकलेलं. लहान तबकडी जोरात फिरवायची असते, हे त्या घरात कुणाला ठाऊक होतं?

तो मागे फिरला. “हळू फिरवा.”

दुकानदार म्हणाला, गाण्याची वाट लागेल, बँडचा अपमान होईल. काकांना झोप आली वाटतं, असं एक टकल्या दुसऱ्याला म्हणाला.

“बँड गेला खड्ड्यात. लावा.”

पोरीचा आवाज खाली उतरत जड झाला आणि तो दमलेला गडी गायला लागला. टकले खिदळत होते. दुसऱ्या ओळीपाशी गडी श्वास घ्यायला थांबला. बायकोला तिथे कधी धीर धरवायचा नाही, ती आधीच पुढची ओळ धरायची. आजही तिने आधीच धरली.

प्लंबर गाणं संपेपर्यंत हलला नाही. मग त्याने तबकडी बांधून घेतली. दुकानदार म्हणाला, “काका, घरी तरी नीट वेगावर ऐका.”

प्लंबरने पुडकं कोटाच्या आत सरकवलं. गाण्यातलं या लोकांना काही कळत नाही, हे तर त्याला आत शिरतानाच कळलं होतं.