माझा खिळा त्याला टोचलाच नाही

मी एक जुनी चप्पल आहे, डाव्या पायाची. मला गरीब बिचारी समजू नका. मी डूख धरणारी आहे.

चिंचपोकळीच्या पुलाखाली बसणाऱ्या शामरावांनी मला शिवलं, टाचेत चार खिळे ठोकले आणि म्हणाले, पाच वर्षं बघायला नको. लालबागच्या गिरणीतल्या कोंडीराम विणकराने मला घेतलं. नवी होते तोवर तेल चोळायचा, चाळीत पाय पुढे करून दाखवायचा. मग विसरला. त्याचा मला राग नाही.

राग आहे तो त्या शनिवारचा. मित्रांनो, लग्न झालेल्या मित्रांनो, जरा कान देऊन ऐका. वर्षभर कोंडीरामचं बायकोजवळ काही जमेना. मन व्हायचं, अंग साथ द्यायचं नाही. तहान म्हणाल तर आख्खा माठ एकटा संपवायचा. शेवटी त्याची बायको कांता हळूच म्हणाली, डॉक्टरांना विचारू या का? झालं. खोट तुझ्यात आहे, तुझं मन दुसरीकडे आहे, असं ओरडत त्याने मला पायातून काढून तिच्यावर फेकलं. मी तिच्या गालावर लागले, तिथून लोखंडी पेटीवर आपटले. टाच उचकटली आणि एक खिळा वर आला.

मी पायात घालायची वस्तू. मला बाईच्या गालाला लावतोस? तिथेच ठरवलं, ह्याला सोडायचं नाही.

रविवारपर्यंत त्याने तेच चाळीभर सांगितलं. त्याची थोरली बहीण जाईबाई घोडपदेवहून आली आणि कांताला मंगळवारच्या बोटीने दाभोळला माहेरी धाडायचं ठरवून गेली. कायमचं. कांता मुकाट्याने लुगडी बांधायला लागली.

सोमवारी गिरण्या बंद, संयुक्त महाराष्ट्राचा मोर्चा. लालबागहून फोर्टपर्यंत पायी. म्हटलं, आता बघते तुला. पावलागणिक खिळा रुतवला. भायखळा गेलं, तरी एकदा आई गं नाही, लंगडणं नाही. रक्ताने माझा तळ बुळबुळीत झाला आणि हा छाती काढून घोषणा देतोय. मीच रडकुंडीला आले.

संध्याकाळी चाळीच्या गॅलरीत रक्ताची पावलं उमटली. शेजारी म्हणाले, काय मर्द गडी, खिळा घेऊन मोर्चा केला. तोही फुशारला. कांताने मात्र त्याचा पाय मांडीवर घेतला आणि गोधडीची सुई तळव्याला टोचली.

"दुखतं?"

"काय दुखतं?"

ती त्याला तशीच रघुवीर डॉक्टरांकडे घेऊन गेली. त्यांनी त्याची लघवी औषध घालून नळीत तापवली, ती विटेसारखी लाल झाली. मधुमेह. साखरेने पायाच्या नसा मेल्यात, म्हणून खिळा कळला नाही, असं ते म्हणाले. तेव्हा कांतानेच पदर तोंडाशी धरून दुसरी गोष्ट विचारली.

"साखरेने त्याही नसा गेल्या," डॉक्टर म्हणाले. "मन हुकूम देतं, तो पोचतच नाही. पुष्कळांचं असं होतं. पथ्य आणि औषध सांभाळलं तर उरलेल्या वाचतील. गेलेल्यांचं वचन देत नाही."

कोंडीरामची मान खाली गेली. "म्हणजे हिचा दोष नाही?"

"हिचा कसला?"

मंगळवारी जाईबाई न्यायला आली. कोंडीराम बँडेज बांधलेल्या पायाने गॅलरीत आला. सगळी चाळ बघत होती. मीही दारातून बघत होते. ज्यांना खोटं सांगितलं त्यांच्यासमोरच आता त्याला तोंड उघडायचं होतं.

"अक्का, बोट जाऊ दे," तो म्हणाला. "आजार माझा आहे. कांताबद्दल मी बोललो ते सगळं खोटं."

कांताने गाठोडं सोडलं, पण सावकाश. मला शामरावांकडे दुरुस्तीला नेतो, असं तो म्हणाला, तेव्हा ती म्हणाली, "नको. भिंतीवर टांगा. हात उचलावासा वाटला की हिच्याकडे बघायचं."

तेव्हापासून मी दाराशेजारी टांगलेली आहे. मित्रांनो, रोज तळवे बघत जा, चपलेत हात घालून बघत जा. खिळा लागून कळला नाही तर डॉक्टरांकडे जा, आणि बिछान्यात अंगाने साथ सोडली तरी तिकडेच जा. राग बायकोवर काढू नका. कोंडीराम रोज माझ्याखालून कामाला जातो, पण वर बघत नाही. बघितलं नाही तरी चालेल. माझा खिळा मी अजून वरच ठेवला आहे.