कुत्र्यांपुढे पळणारा ससा

मित्रांनो, मी एक जुना ससा आहे, पण खोटा. माझ्या अंगात हाडे नाहीत, नुसती तार आणि भुसा, वरून गोणपाट. शर्यतीत मी विजेवर रुळावरून पळतो आणि कुत्रे मला फाडायला मागे धावतात. माझा जन्म इंग्लंडमधल्या एका भर शहरातल्या स्टेडियममध्ये झाला. कारखाने सुटले की कामगार बायकापोरांसह मला बघायला येत. पुढे गर्दी आटली, स्टेडियम पाडून तिथे घरे बांधली आणि मी रूळ-मोटारीसकट भंगारात निघालो. नव्वदचे दशक सरता सरता मला दुबईजवळच्या अजमानमधल्या, शर्यतीचे कुत्रे पाळणाऱ्या एका हौशी मालकाने विकत घेतले.

माझी मोटार चालवायला पुण्याचा गुणवंत होता. त्याला मोटार कळे, कुत्रे कळत नसत. मला कुत्र्यांच्या नाकापुढे ठेवायचे, पण हाती लागू द्यायचे नाही, एवढेच त्याला सांगितले होते. का, ते कोणी सांगितले नव्हते.

वळणावर कुत्रे एकमेकांवर आदळत. पाय मोडत, वाळू रक्ताने चिकट होई. मोडलेला कुत्रा फरफटत बाहेर नेत. मला काही वाटत नसे. मला फाडायला येणाऱ्यांवर मी दया का करावी?

सगळ्यांत पुढे असे बर्क नावाची करडी कुत्री. एका शुक्रवारी गुणवंतची मुलगी पर्णिका त्याच्याजवळ बसली होती.

"बाबा, शी इज सो टायर्ड. लेट हर कॅच इट, जस्ट वन्स."

"अगं, हमदुल्लाभाई रागावतील," तो म्हणाला. हमदुल्ला कुत्र्यांना शर्यतीसाठी तयार करी. पण लेकीकडे बघून गुणवंतने वेग कमी केलाच.

बर्कने माझ्या पोटात दात रोवले. मागून बाकीचे कुत्रे तिच्यावर कोसळले. तिचा कान फाटला, मानेचा लचका निघाला. तरी तिने मला सोडले नाही, झटके देऊन फाडले. भुसा बाहेर आला. तिने तो हुंगला आणि मला टाकून दिले.

जखमा भरल्या, पण बर्क पुन्हा धावेना. तिला सगळे कळले होते.

"खलास. शाम को एक बार और देखूँगा, नहीं तो गोली," हमदुल्ला म्हणाला.

"गलती मेरी है, हमदुल्लाभाई. मैं इसे घर ले जाता हूँ."

"मालिक अपना कुत्ता किसी को नहीं देता."

संध्याकाळी फाटक उघडले. गुणवंतने मला हळू पळवले, जोरात पळवले, जागच्या जागी थरथरवले. बर्क शेपूट हलवत चालत आली आणि माझी नवी शिवण चाटू लागली. मित्रांनो, तेव्हा मला पहिल्यांदा वाटले, मी खरा ससा असतो तर! माझे रक्त सांडले असते, पण ती धावली असती आणि जगली असती.

हमदुल्लाने बंदूक उचलली. गुणवंतने तोंड फिरवले. बर्क माझ्यावरच पडली आणि तिचे रक्त माझ्या गोणपाटात मुरले. पुढच्या शर्यतीत त्या वासावर बाकीचे कुत्रे कधी नव्हे इतके पिसाळून धावले. मालक खूश झाला. त्याने मला धुऊ दिले नाही.

मित्रांनो, तुमच्या दारी एखादे जनावर असेल तर आज त्याला जवळ घ्या. त्याने काहीही करून दाखवले नसले तरी त्याला पोटभर जेवू घाला.