क्रूस पुढे सरकला

रोझारिओने चौतीस वर्षं लाल बस चालवली आणि कुणाच्या कोपरालाही ती लागू दिली नाही. तसं सर्टिफिकेटच आहे, हॉलमध्ये, टीव्हीच्या वर. पाहुणा सोफ्यावर टेकला रे टेकला की रोझारिओ ते वाचून दाखवणार. हल्ली तर तिकडे न बघताच वाचायचा, आणि लोकांना वाटायचं, काय हा पाठांतराचा उत्साह! खरी गोष्ट वेगळी होती. डोळ्यांच्या डॉक्टरांनी काचबिंदू सांगितल्याला दीड वर्ष होऊन गेलं होतं. बाजूचं दिसणं हळूहळू जात राहील, तेव्हा गाडी चालवणं आता पुरे, असं ते स्पष्ट म्हणाले होते. रोझारिओने घरी येऊन बायकोला, एथेलला सांगितलं, की डोळे कोरडे पडलेत, थेंब घालायचेत.

अशा माणसाला जावई मिळावा तो कोण, तर रेसिंग ड्रायव्हर. तोही फ्रेंच. नाव बास्तियाँ, मरोळच्या गावठाणात पाऊल टाकल्याच्या दुसऱ्या दिवशी त्याचा बस्त्याव झाला. एकोणीस वर्षं तो लांब पल्ल्याच्या शर्यतींत होता. गाडी एक, ड्रायव्हर तीन, आळीपाळीने चालवत चोवीस तास पळवायची. अशा अकरा शर्यती झाल्या, पहिला नंबर एकदाही नाही. आता रोझारिओच्या लेकीच्या, नॅटलीच्या नोकरीपायी दोघं इथे आली होती आणि तो टायर तपासणाऱ्या कुठल्याशा कंपनीत लागला होता.

"म्हणजे चोवीस तास गोल गोल फिरून परत निघालात तिथेच?" रोझारिओने पहिल्याच जेवणाला विचारलं होतं.

"हो."

"आणि पॅसेंजर किती?"

"नाही पॅसेंजर."

रोझारिओने एथेलकडे बघितलं आणि भाताला हात घातला. विषय संपला.

बस्त्यावने इथलं लायसन रीतसर काढलं होतं, तरी सासऱ्याच्या मारुतीत त्याची जागा ठरलेली: मागे, एथेलच्या शेजारी, मांडीवर भाजीची पिशवी. नॅटली म्हणायची, "पापा, एकदा त्याला चालवू तर दे." पापा म्हणायचा, "ही शर्यतीची गाडी नाही, बाळा. ही जपून चालवायची आहे." किल्लीला त्याचा जुना पितळी बिल्ला अडकवलेला होता, आणि किल्ली झोपतानाही लेंग्याच्या खिशात.

एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात रोझारिओ एकटाच सुकी मासळी आणायला निघाला होता. गल्लीच्या वळणावर, जिथून तो हजार वेळा गेला असेल, डाव्या अंगाने घर्र झालं. उतरून बघतो तर क्रूसाच्या ओट्याचा कोपरा उडालेला आणि चुन्यावर मारुतीचा निळा रंग हातभर ओढलेला. ज्या क्रूसापुढे त्याचा बाप्तिस्म्याच्या दिवशी फोटो काढला होता, तोच. गल्लीत चिटपाखरू नव्हतं. रोझारिओने क्रूसाला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं आणि निष्कर्ष काढला, की गेल्या वर्षी रस्ता सिमेंटचा केला तेव्हा हा पुढे सरकवलेला आहे. मग तसाच घरी परतून त्याने गाडीची डावी बाजू भिंतीला लावली आणि चहा मागितला.

दुसऱ्या दिवशी सकाळी एथेलचा चुलतभाऊ मेल्विन पाव आणायला निघाला, तर बस्त्याव क्रूसापुढे गुडघे टेकून बसलेला. मेल्विनला भरून आलं. परदेशी माणूस, पण श्रद्धा बघा. जवळ गेला तेव्हा त्याला थिनरचा वास आला, फडकं दिसलं आणि अर्धवट पुसलेला निळा रंगही दिसला. पाव घरी पोचायच्या आत बातमी सगळ्या गावठाणात पोचली. चोवीस तास गाडी पळवणाऱ्याने गल्लीत क्रूसाला ठोकलं म्हणे. नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा!

"पापाच्या खिशातून किल्ली घेऊन, न विचारता गाडी काढलीस?" नॅटली भडकली.

बस्त्यावने एकदा सासऱ्याकडे बघितलं आणि म्हणाला, "सॉरी."

रोझारिओच्या तोंडात ऑम्लेट-पाव होता. तो घास त्याने बराच वेळ चावला. इकडे चोर सोडून संन्याशाला फाशी चाललेली, आणि चोर म्हणतोय, "एथेल, मीठ कमी पडलं गं."

खरं तर आता त्याने सुखात राहायला हरकत नव्हती. लोक येऊन त्याचंच सांत्वन करत होते. गाडीला किती जपायचास रे, असं म्हणत होते. मेल्विन तर सर्टिफिकेटखाली उभा राहून हळहळला. पण रोझारिओला जेवण जाईना. जावयाने ओरडावं, निदान नॅटलीच्या कानात खरं सांगावं, म्हणजे त्याच्याशी भांडता तरी येईल. पण तो शहाणा गपगुमान भाजीच्या पिशव्या उचलत होता. या उपकाराची रोझारिओला मनापासून चीड आली. तिसऱ्या दिवशी त्याने बस्त्यावला ओसरीवर गाठलं.

"तुला कसं कळलं?"

"टायर," बस्त्याव म्हणाला. "डावा. त्याला चुना लागला. आणि तू गाडी भिंतीला लावली. तू कधी भिंतीला लावत नाही." मराठी तो सासूकडून शिकला होता, त्यामुळे सासऱ्यालाही सरळ 'तू' म्हणे.

"मग बोलला का नाहीस?"

बस्त्यावने शब्द गोळा करायला वेळ घेतला. "नऊ वर्षं झाली. सकाळ होती, शेवटचे दोन तास. आम्ही पहिले होतो, पापा. पहिले. मला रेडिओवर बोलावलं, आत ये, आता दुसरा बसेल. मी म्हणालो, मी ठीक. परत बोलावलं. मी ठीक. तिसऱ्या वेळी मी उत्तरच नाही दिलं. मग भिंत."

"मग?"

"माझ्या जोडीदाराने सगळ्यांना सांगितलं, ब्रेक गेला. लोकांनी मला टाळ्या दिल्या. बिचारा, म्हणाले." तो आपल्या पंजांकडे बघत होता. "मी खरं नाही बोललो. मग त्याच्याशी पण नाही बोललो. त्याचं तोंड बघायला लाज वाटायची. तो माझा दोस्त होता."

"आणि आता तेच तू माझ्याशी करतोस?"

"हो. सॉरी. मला दुसरं सुचलं नाही."

रोझारिओ उठून आत गेला आणि पलंगावर आडवा झाला. उतरणं त्याला काय नवीन होतं? चौतीस वर्षं तो रोज उतरत होता. ठरलेल्या स्टॉपवर पुढच्या ड्युटीचा ड्रायव्हर उभा असे. पॅसेंजर आतच, इंजिन चालूच. रोझारिओ खाली उडी मारायचा, त्या ड्रायव्हरला गाडीची काय खोड असेल ती एका वाक्यात सांगायचा, क्लच घट्ट आहे किंवा ब्रेक जरा खाली लागतो, आणि मागे वळून न बघता चहाला जायचा. तेव्हा कधी छातीत दुखलं नव्हतं, कारण उद्या परत चढायचं असे.

तीस तारखेला, मे लागायच्या आदल्या संध्याकाळी, क्रूसापुढे पहिली लादीन, म्हणजे गावठाणाची सामूहिक प्रार्थना झाली. कोपरा लिंपून ओटा रंगवला होता, वर झेंडूच्या माळा. प्रार्थना संपली, उकडलेले चणे वाटायला घेतले, तेवढ्यात रोझारिओ उभा राहिला.

"क्रूसाला मी ठोकलं," तो म्हणाला. "जावयाने नाही."

मग मेल्विनने डोळे पुसले. "सासरा असावा तर असा," तो म्हणाला.

"अरे, खरंच मी ठोकलं."

"हो रे हो," लोक म्हणाले. म्हातारा जावयासाठी चौतीस वर्षांच्या नावावर पाणी सोडायला निघालाय, हे बघून बायका हळव्या झाल्या. नॅटलीने येऊन त्याचा दंड धरला. "पापा, त्याला असं पाठीशी नको घालूस." रोझारिओने तिसऱ्यांदा सांगितलं, तर कुणीतरी त्याच्या हातात चण्यांची दुसरी वाटी ठेवली. आयुष्यभर सर्टिफिकेट वाचून दाखवलं त्याची अशी फेड झाली.

मग त्याने वाटी ओट्यावर ठेवली आणि लेंग्याच्या खिशात हात घातला. किल्ली बाहेर काढली. बिल्ला अंगठ्याने एकदा चोळला आणि सगळं बस्त्यावच्या पंजात ठेवलं.

"घे," तो म्हणाला. "ब्रेक जरा खाली लागतो."

रोझारिओ खोटं बोलेल हे एक वेळ लोकांनी मानलं असतं. तो किल्ली देईल, हे नाही. नॅटलीने दंड सोडला आणि वळून नवऱ्याकडे बघितलं. एथेल चण्यांचं पातेलं घेऊन उभी होती, ते तिने हळूच खाली ठेवलं.

"रोझारिओ," ती म्हणाली, "ते थेंब कसले आहेत?"

रविवारी चर्चला निघताना रोझारिओ सवयीने उजव्या दाराशी गेला, तिथे बस्त्यावला बघून थांबला, आणि फेरी मारून डावीकडे बसला. मागच्या सीटवर एथेल आणि नॅटली बसल्या. पट्टा कुठे अडकवायचा ते रोझारिओला सापडेना, तेव्हा बस्त्यावने वाकून तो लावून दिला. मारुती बैलगाडीच्या चालीने गल्लीतून निघाली. रोझारिओ ताठ बसून समोर बघत होता.

"वळणावर जप," तो म्हणाला. "डावीकडे क्रूस येईल."

"क्रूस गेला, पापा."

रोझारिओने खिडकीकडे मान वळवली. तिथे क्रूसाच्या पुढचं डिसोझांचं कुंपण होतं, म्हणजे क्रूस मघाशीच त्याच्या कोपराजवळून गेला होता.

"ठीक आहे," तो म्हणाला. "नाक्यावर हॉर्न वाजव."