रंगाचा ब्रेकर

मी एक जुना ब्रेकर आहे. दर्यापूरच्या रस्त्यावर माझं नाव आहे, मित्रांनो, पण सुरुवातीला मी स्वतः तिथे नव्हतो. नुसता रंग होता.

समोर सुंदराबाईंचं भाजीचं दुकान. त्यांचा गुडघा दुखतो, म्हणून पाटी घेऊन त्या हळू रस्ता ओलांडत. जीपा मात्र हळू येत नसत. शेवटी शेजारच्या कुर्बान पेंटरांनी रस्त्यावर मला रंगवलं. ते लांब जाऊन स्टुलावर, जीपवाल्याच्या उंचीला बसले, एक डोळा मिटला आणि लेकीला म्हणाले, "इफ्फत, सावली अजून लांबव." जवळून मी सांडलेल्या चुन्यासारखा दिसे. लांबून वीतभर उंच.

पहिल्याच दिवशी जीपवाल्या धर्मेंद्रने करकचून ब्रेक मारला आणि जीप माझ्यावरून अलगद, बाळंतिणीला नेल्यासारखी नेली. मग उतरून पाय ठेवून पाहिला. "अबे, हा तं सपाट हाय."

"काही म्हण," मागच्या सीटवरचे किसनराव कंबर धरून म्हणाले, "मले दचका बसला."

मी कौतुकाने फुगलो. अर्थात दिसण्यापुरताच.

चार महिन्यांत मी सपाट आहे हे सगळ्यांना कळलं, आणि जीपा पुन्हा जोरात येऊ लागल्या. एका सकाळी सुंदराबाई थोडक्यात वाचल्या. पाटीतली वांगी माझ्यावर चेंगरली. "कुर्बानभाऊ, तुमचा ब्रेकर घरी घेऊन जा," त्या म्हणाल्या.

कुर्बानचाचा चिडले नाहीत. "ब्रेकरवर लोकाइचा भरोसा नाही राहिला," ते म्हणाले. "खड्ड्यावर हाय." त्यांनी मला पुसून रस्ताभर खड्डा रंगवला. आत गढूळ पाणी, काठाला उखडलेली गिट्टी. जीपा पुन्हा हळू झाल्या. आमच्याकडे खड्डा खरा की खोटा हे उतरून कोणी बघत नाही.

खड्डे भरणारी गाडी आली, तिच्या मुकादमानेही बघितलं नाही. "भरा," एवढंच म्हणाला. सपाट रस्त्यावर वीस घमेली गिट्टी-डांबर पडलं, वरून चोपलं गेलं, आणि मी उभा राहिलो.

आता मी खरा होतो, पण काळ्या रस्त्यावर काळा. दुसऱ्या दिवशी जीप माझ्यावर उसळून धर्मेंद्रचं डोकं टपाला लागलं, तेव्हा सुंदराबाई अर्ध्या रस्त्यात होत्या. जीप त्यांच्यापासून दोन हातांवर थांबली.  तासाभराने धर्मेंद्र पांढऱ्या रंगाचा डबा घेऊन कुर्बानचाचांकडे आला. "चाचा, याले दिसू द्या."

मित्रांनो, मी नव्हतो तेव्हा सगळ्यांना दिसलो. झालो तेव्हा कुणाला दिसलो नाही. म्हणून माझा पट्टा पुसट झाला की रंग द्या. आणि मी दिसो न दिसो, त्या दुकानासमोर हळू चालवा. सुंदराबाई खऱ्या आहेत.